व्रण आणि वण

मराठी वैद्यकीय परिभाषेत ‘व्रण’ म्हणजे न भरलेली, उघडी जखम. ‘जठरव्रण’ हा शब्द त्याच अर्थाने रूढ आहे. सामान्य मराठी माणूस मात्र ‘जखमेचे व्रण’ म्हणतो, तेव्हा भरून गेलेल्या जखमेची खूण त्याच्या मनात असते. हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हे. मधुमेह झालेल्या मनुष्यास ‘पायावर व्रण आहे’ असे सांगितले आणि जुना डाग समजून त्याने चप्पल चढविली, तर पुढे पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. हे दोन अर्थ कोठून आले, हे पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

सुश्रुतसंहितेत व्रण मुळात दोन प्रकारचे मानिले आहेत : देहातील दोषांनी होणारा तो शारीर, बाहेरच्या आघाताने होणारा तो आगंतु. ताज्या आघाताचे पुन्हा सहा भेद आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. कापणे, भोसकणे, टोचणे, चेंगरणे, खरचटणे ही आपली रोजची क्रियापदे त्यांच्याशी ताडून पाहावीत. शस्त्रवैद्याची दृष्टी घरगुती बोलीपासून फार दूर नव्हती असे दिसेल. परंतु आमच्या विषयास महत्त्वाची आहे ती सूत्रस्थानात दिलेली ‘व्रण’ शब्दाची व्युत्पत्ती. जखम रुजून आली तरी तिची जागा देह असेतोवर नाहीशी होत नाही, म्हणून तिला व्रण म्हणावे, असा तिचा आशय आहे. व्याकरणदृष्ट्या ती कितपत टिकेल हे पंडितांनी ठरवावे. मराठीने मात्र नेमका तोच अंश जतन केला. प्राकृतातून आलेला आपला ‘वण’ हा शब्द व्रणाचाच वंशज असून त्याचा अर्थ जखम नव्हे, तर जखमेची खूण असा आहे. पुढे संस्कृत ‘व्रण’ पुन्हा ग्रंथभाषेत आला, तेव्हा वणाचा अर्थ त्यालाही चिकटला असावा असे आम्हांस वाटते. परिभाषाकारांनी मात्र तो जुन्या अर्थाने घेतला.

जखम बरी होण्यास मराठीत खास क्रियापद आहे : जखम भरते. ताप भरतो तो चढताना. जखम भरते ती बरी होताना. भरणे म्हणजे तळापासून वर येणे, आणि उघड्या जखमेचे प्रत्यक्षात तसेच घडते. तळाशी लाल मांसांकुर उगवतात व खळगा वर येत जातो. शुद्ध व्रणाचे वर्णन करताना सुश्रुताने जिभेच्या पृष्ठाची उपमा दिली आहे. तसा मऊ, वेदनारहित, स्राव न होणारा व्रण दिसला म्हणजे शोधनाचे काम संपून रोपणाचे सुरू होते. आत दोष असता घाईने व्रण रुजवू नये, नाहीतर थोड्याशा अपथ्यानेही तो आत पोकळी करून पुन्हा बिघडतो, असा इशाराही तेथे आहे.

हा इशारा वाचताना आम्हांस यिर्मयाचे स्मरण होते. लोकांचा घाय वरवर बरा करून शांतीची ग्वाही देणाऱ्यांवर त्याने दोनदा (6:14, 8:11) तोच दोष ठेविला आहे. त्याच आठव्या अध्यायाच्या शेवटी ‘अरूखा’ हा इब्री शब्द येतो. जखमेवर नवे मांस चढणे हा त्याचा अर्थ. आणि नहेम्याच्या चौथ्या अध्यायात यरुशलेमेच्या कोटाच्या डागडुजीस हाच शब्द योजिला आहे. खिंडार व जखम या दोहोंसाठी मराठीतही ‘बुजणे’ हे क्रियापद आहे, पण जखम बुजणे आणि भरणे यांत अंतर आहे. वरून बुजलेली जखम आतून भरलेली असतेच असे नाही. ‘बरे करणे’ या सर्वसंग्राहक शब्दात हा भेद हरवतो. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून सामान्य स्त्रियांना कळेल असे मराठी शास्त्र सिद्ध केले व ते त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले. बोलीतील अशा शब्दांचे मोल त्यांनी ओळखले होते.

नव्या करारात ‘ट्रॉमा’ हे नाम एकदाच, लूक 10:34 येथे, शोमरोनी मनुष्याच्या कथेत आले आहे. लूकची भाषा वैद्याची आहे, असे हॉबर्ट यांनी 1882 मध्ये विस्ताराने मांडले. तेच शब्द वैद्य नसलेल्या सुशिक्षित लेखकांतही सापडतात, हे कॅडबरी यांनी 1920 च्या सुमारास दाखविले. आम्हांस कॅडबरींचा पक्ष सबळ वाटतो. तेल व द्राक्षारस वापरण्यास वैद्य असावे लागत नसे. पेत्राच्या पहिल्या पत्रातील (2:24) ‘मोलोप्स’ ही तर जखमही नव्हे. फटक्याने उठतो तो वळ. योहानाच्या विसाव्या अध्यायात खिळ्यांसाठी ठसा या अर्थाचा ‘टुपोस’ येतो, परंतु कुशीत हात घालण्यास थोमाला सांगितले आहे. तेथे वण म्हणावे की जखम, हे अनुवादकास सहज ठरविता येणार नाही.

इंदुरात हा शब्दांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. होळकरांच्या या नगरात मराठी व हिंदी शेजारी नांदल्या. येथे वैद्यकीय शाळा 1878 मध्ये निघाली. कॅनडियन प्रेस्बिटेरियन मिशन 1877 मध्ये आले होते, डॉ. एलिझाबेथ बीटी 1884 मध्ये व डॉ. मॅरियन ऑलिव्हर 1886 मध्ये आल्या आणि 1891 मध्ये स्त्रियांचे रुग्णालय उघडले. लिस्टर यांचे जंतुनाशक उपचार 1867 मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यापूर्वी जखमेतील दाट पू युरोपातील अनेक शस्त्रवैद्यांना शुभचिन्ह वाटे. अशा नगरात ‘घाव’ शब्दही सरळ राहत नाही. हिंदीत घाव म्हणजे जखम, आणि तो भरतो. मराठीत घाव बहुधा घातला जातो, म्हणजे तो प्रहार असतो.

मध्य प्रदेशात ऑक्टोबर 2022 मध्ये वैद्यकाच्या प्रथम वर्षाची तीन हिंदी पाठ्यपुस्तके प्रकाशित झाली. त्यांत इंग्रजी संज्ञा बहुतांशी तशाच देवनागरीत लिहिल्या आहेत. निदान शब्दाचा भलताच अर्थ होण्याचा धोका त्याने टळतो, म्हणून आम्ही त्या निर्णयास नावे ठेवीत नाही. परंतु बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या विद्यार्थ्यापुढे जो मनुष्य येतो, तो जखम, घाव, फोड, नासूर, चट्टा आणि वण घेऊन येतो, आणि यांपैकी कोणता शब्द उघड्या जखमेचा व कोणता भरलेल्या, हे विद्यार्थ्याला त्यालाच विचारावे लागते.