'मृच्छकटिका'तील उज्जयिनी : चव्हाटा, सभा आणि न्यायमंडप

'मृच्छकटिका'वरून प्राचीन उज्जयिनीच्या नागरी जीवनाचे चित्र उभे करण्याची एक रुळलेली पद्धत अभ्यासग्रंथांत आढळते. वेशभूषा, अलंकार, खाद्यपदार्थ, वाहने अशी सदरे पाडावयाची आणि नाटकातील उल्लेख त्यांखाली वाटून द्यावयाचे. या पद्धतीने माहिती जमते, नगर मात्र निसटते. वस्तुतः शूद्रकाने नगराचे वर्णन फारसे केलेलेच नाही; नगरातील जागांवर कोणाची सत्ता कशी चालते, हे त्याने दाखविले आहे.

अवंतीच्या या राजधानीभोवतीचा मातीचा प्रचंड तट १९५० च्या दशकातील उत्खननांत तपासला गेला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस'च्या ग्रीक लेखकाला हे नगर 'ओझेने' म्हणून माहीत होते: पूर्वीची राजधानी, आणि भडोच बंदराकडे माल धाडणारी पेठ. तट आणि व्यापार यांची साक्ष अशी मिळते. तटाच्या आत माणसे एकमेकांना कोठे आणि कोणत्या अटींवर भेटत, यासाठी मात्र नाटकाकडेच वळावे लागते. नाटक म्हणजे दप्तर नव्हे, आणि या नाटकाचा काळही वादग्रस्त आहे. तेव्हा त्यातून एखाद्या विशिष्ट वर्षाची उज्जयिनी मिळणार नाही. नगराच्या व्यवहाराचे नियम मिळतात, आणि ते थोडके नाहीत.

पहिल्याच अंकात चारुदत्त मैत्रेयाला चव्हाट्यावर मातृकांना बली ठेवून येण्यास सांगतो. मैत्रेय कुरकुरतो, कारण या वेळी राजमार्गावर गणिका, विट, चेट आणि राजाच्या मर्जीतली माणसे हिंडत असतात. चव्हाटा पूजेचा आहे आणि भयाचाही. अंधार पडला की त्याचे धनी बदलतात. दुसऱ्या अंकात हेच सूत्र अधिक कठोर होते. दहा सुवर्णांचे देणे चुकवून पळालेला संवाहक ओस देवळात मूर्ती बनून उभा राहतो. पाठलागावर आलेले माथुर आणि द्यूतकर तेथेच डाव मांडतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही. प्रसंग विनोदी खरा, पण पुढे मार खाल्लेला संवाहक राजमार्गावर उभा राहून, दहा सुवर्णांना आपल्याला विकत घ्या म्हणून येणाऱ्याजाणाऱ्यांना विनवतो, आणि लोक न ऐकताच निघून जातात. 'अर्थशास्त्रा'त द्यूत एकाच नेमलेल्या ठिकाणी चालवावे, अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड करावा, असे सांगितले आहे. छुप्या मार्गाने जगणारे त्यामुळे ओळखू येतात. द्यूतसभा ही अशी राज्याच्या नजरेखालची जागा होती. नाटकात तिचा कायदा सभेबाहेर येऊन रस्त्याचाही ताबा घेतो.

बाख्तिनने कादंबरीतील रस्त्याविषयी असे म्हटले आहे की समाजाने एरवी दूर ठेवलेली माणसे तेथे एकत्र येतात. उज्जयिनीच्या राजमार्गाला हे लागू पडते. परंतु भेट म्हणजे समता नव्हे. सहाव्या अंकात तुरुंगातून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या गाडीत दडलेला असतो. चंदनक गाडी तपासतो, त्याला अभय देतो, आणि आत वसंतसेना असल्याचे वीरकाला सांगतो. बोलताना पुल्लिंग-स्त्रीलिंगाची गफलत होते, तेव्हा आम्हा दाक्षिणात्यांचे बोलणे अस्पष्टच, अशी सबब तो पुढे करतो. भर रस्त्यात दोघे रक्षक एकमेकांची जात खुणांनी काढतात. अखेर चंदनक वीरकाला लाथ मारतो.

या लाथेची फिर्याद घेऊन वीरक नवव्या अंकात न्यायमंडपात येतो, आणि जाता जाता सांगतो की चारुदत्ताच्या गाडीतून वसंतसेना उद्यानाकडे जात होती. रस्त्यावर एकाचा जीव वाचविणारे असत्य न्यायमंडपात दुसऱ्याविरुद्ध पुरावा ठरते. अधिकरणिक, श्रेष्ठी आणि कायस्थ हे तिघेही प्रामाणिक आहेत. त्यांना शकाराचा संशयही येतो. पण आज तुझे प्रकरण घेणार नाही असे म्हणताच शकार राजाकरवी पदच्युत करण्याची धमकी देतो, आणि प्रकरण घेतले जाते. निवाडा करणे अधिकरणिकाचे, दंड राजाचा. ब्राह्मणाला देहदंड नको ही शिफारस पालक धुडकावतो. हा राजा रंगभूमीवर एकदाही येत नाही. प्रेक्षकाला त्याची आज्ञाच तेवढी भेटते.

दहाव्या अंकात ती आज्ञा सबंध नगरातून फिरते. चांडाळ ठिकठिकाणी थांबून दवंडी पिटतात, गवाक्षांतून स्त्रिया रडतात, आणि तरी कोणी अडवत नाही. शकाराच्या प्रासादातून स्थावरक उडी टाकून सत्य ओरडून सांगतो. तो दास असल्याने त्याची साक्ष सहज खोटी पाडली जाते. दिरंगाई करण्याचे बळ चांडाळांकडेच उरते. घाईने वध करू नये, कदाचित राज्यच पालटेल, असा बापाचा सल्ला त्यांच्यापैकी एकाला आठवतो. आणि राज्य पालटते. भासाच्या नावावरील चार अंकी 'चारुदत्ता'त हे राज्यांतर नाही आणि न्यायमंडपही नाही. या नाटकात रस्ता, न्यायमंडप आणि सिंहासन एकाच धाग्यात ओवले जातात.

नव्या राजाच्या नावे शेवटी वाटप होते. भिक्षू झालेला संवाहक विहारांचा कुलपती, चंदनक दंडाधिकारी, स्थावरक दास्यमुक्त, आणि दोघे चांडाळ सर्व चांडाळांचे अधिपती. द्यूतसभेचा त्या वाटपात उल्लेख नाही.