साक्षीदार दोन हवेत

अमिरातीत मोटारीवाचून आपले पान हलत नाही. त्यामुळे इंजिनाचा पिवळा दिवा लागला की घरात काळजी सुरू होते. गॅरेजवाला यंत्र जोडतो, ‘थ्रॉटल सेन्सर गेला’ म्हणतो आणि आपण खिशात हात घालतो. सॉफ्टवेअर हाच माझा व्यवसाय. म्हणून गाडीचा संगणक हे निदान करायला कसा शिकला, ते थोडक्यात सांगतो.

थ्रॉटल म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप. ती किती उघडली हे सेन्सर विजेच्या दाबाने कळवतो. झडप बंद असताना साधारण ०.५ व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर ४.५. पुरवठा मात्र ५ व्होल्टचा असतो. दोन्ही टोकांची जागा मुद्दाम मोकळी ठेवतात. तार तुटली की आकडा शून्याला किंवा पाचाला भिडतो आणि चोरी पकडली जाते.

कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मॉडेलांपासून संगणकाचे स्वनिदान सक्तीचे केले. १९९६ पासून साऱ्या अमेरिकेत समान संकेतांक आले. पी ०१२२ म्हणजे दाब फार कमी, पी ०१२३ म्हणजे फार जास्त. पण सेन्सर मर्यादेत राहूनच खोटे बोलला तर? त्यासाठी पी ०१२१. सेन्सर म्हणतो झडप मिटलेली आहे, हवा मात्र भरपूर आत येते आहे, अशी ती विसंगती.

१९८७ साली बी.एम.डब्ल्यू.ने ७५० या गाडीत पेडल आणि झडप यांमधली केबलच काढली. झडप मोटरने उघडू लागली आणि प्रश्न जिवाचा झाला. अशा गाड्यांत पुढे दोन सेन्सर बसवण्याची रीत रूढ झाली. त्यांचे जुळले नाही तर संगणक मोटर बंद करतो; स्प्रिंग झडप किंचित उघडी ठेवते आणि गाडी रखडत का होईना, शेख झायेद रस्त्याच्या कडेला लागते.

साक्षीदारांनीच संगनमत केले तर? टोयोटा गाड्या आपोआप वेग घेतात या तक्रारींची ‘नासा’ने तपासणी केली. २०११ च्या अहवालात गाडी बेफाम उधळवणारा इलेक्ट्रॉनिक दोष आढळला नाही. मात्र एका निकामी पेडलमध्ये कथिलाच्या केसासारख्या तंतूने दोन्ही सेन्सरचे संकेत एकमेकांना जोडलेले दिसले.

तात्पर्य, संकेतांक गुन्हेगाराचे नाव सांगत नाही. जबान्या जुळत नाहीत, एवढेच सांगतो. तेव्हा नवा सेन्सर घेण्याआधी तार आणि जोडणी तपासायला सांगा. आणि दिव्याकडे दुर्लक्ष तर मुळीच करू नका.