जंजिऱ्याची गोष्ट आणि वऱ्हाडची मुलं

वऱ्हाडातल्या माणसाला समुद्र फार लांब. अकोल्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई, गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून बसने अलिबाग, मग एसटीने रेवदंडा, काशीद करत मुरूड, आणि शेवटी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी. तेव्हा कुठे जंजिरा हाताशी येतो. एवढी यातायात करून आपल्याकडच्या शाळांच्या सहली तिथे जातात. मीही मुलांना घेऊन गेलो आहे.

होडीत किल्ल्याची माहिती सांगितली जाते. बहुतेक वेळा ती एका वाक्यात बसते: सिद्दी मुसलमान, मराठे हिंदू, आणि किल्ला कधीच पडला नाही. हे ऐकून कोणाला राग येतो, कोणाची छाती उगाच फुगते, आणि टोपी घातलेला एखादा मुलगा मान वळवून पाण्याकडे बघत बसतो. त्या मुलासाठी आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलासाठीही हा इतिहास नीट सांगायला हवा.

आधी नाव. अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, मराठी जिभेवर त्याचा जंजिरा झाला. त्या खडकावर पहिला कोट लाकडी मेढींचा होता आणि तो कोळ्यांचा होता. त्यांच्या राम पाटलाकडून तो निजामशाहीच्या सरदाराने घेतला. पुढे सोळाव्या शतकात दगडी तट उभा राहिला. हबशी म्हणजे अॅबिसिनियाकडून, आजच्या इथिओपियाच्या बाजूने आलेले लोक. त्यांतले अनेक गुलाम म्हणून विकले गेले होते. दख्खनमध्ये ते सैनिक झाले, सरदार झाले. मलिक अंबर त्यांच्यातलाच.

आता वऱ्हाडचा संबंध. 1574 मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाने एलिचपूरची इमादशाही बुडवली. म्हणजे आपला नरनाळा, आपला गाविलगड आणि समुद्रातला जंजिरा काही वर्षं एकाच राज्यात होते. 1596 मध्ये चांदबीबीला तहात वऱ्हाड अकबराच्या शहजादा मुरादला द्यावा लागला, आणि मुरादने बाळापूरजवळ शहापूर वसवलं. देणारेही मुसलमान, घेणारेही मुसलमान. तेव्हाची लढाई मुलखाची आणि महसुलाची होती.

1636 मध्ये निजामशाही संपली आणि कोकणचा हा भाग विजापूरकडे गेला. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा दाब वाढला, तेव्हा 1670 च्या सुमारास जंजिऱ्याचा मुख्य सिद्दी फत्तेखान किल्ला महाराजांना द्यायला तयार झाला होता. त्याला त्याच्याच हबशी सरदारांनी कैद केलं आणि ते औरंगजेबाच्या आश्रयाला गेले. म्हणजे किल्ल्याच्या आतच दोन मतं होती.

बाहेरही तसंच. महाराजांच्या आरमाराच्या बड्या अधिकाऱ्यांत दौलतखान होता. 1679 मध्ये खांदेरी बेटावरून जी झुंज झाली, तिथे मायनाक भंडारी आणि दौलतखान एका बाजूला होते, तर मुंबईचे इंग्रज आणि सिद्दी दुसऱ्या बाजूला. जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर महाराजांनी पद्मदुर्ग बांधायला घेतला. त्याला वेळेवर रसद पोचवली नाही, म्हणून 1675 मध्ये त्यांनी आपल्याच सुभेदाराला कडक पत्र लिहिलं. हबशाकडून काही घेतलं की काय, अशी शंकाही त्यात आहे. तो सुभेदार मुसलमान नव्हता. महाराज माणूस त्याच्या कामावरून जोखत होते.

मात्र याचा अर्थ सिद्दी फार सज्जन होते असा नाही. त्यांनी किनाऱ्यावरची गावं लुटली, माणसं पकडून नेली. स्वतः गुलामीतून आलेल्यांच्या वारसांनी दुसऱ्यांना गुलाम केलं, ही गोष्ट आपण मुसलमानांनी झाकून ठेवू नये. श्रीवर्धनचे देशमुख असलेल्या भट घराण्यातल्या बाळाजी विश्वनाथांना याच सिद्दीच्या जाचामुळे घाटावर यावं लागलं. ते पुढे पेशवे झाले. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये खाडीत दगड टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायचा प्रयत्न केला, त्यामागेही हाच त्रास होता. ते दुःख खरं होतं. ते सांगताना आपण आडपडदा ठेवला, तर आपलं बाकीचं बोलणं कोणी का ऐकावं?

शिवाय किल्ला म्हणजे फक्त तोफा नव्हेत. कलाल बांगडी सगळे बघतात, तिच्यासोबत फोटो काढतात. खाऱ्या पाण्याच्या मधोमध असलेले गोड्या पाण्याचे तलाव मात्र घाईत बघून होतात. या तटाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या वस्ती होती. लोक जन्मले, शिकले, लग्नं झाली. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, हळूहळू वस्ती उठली, आता आत पडक्या भिंती आहेत. ती माणसं काय खात होती, पावसाळ्यात होडी बंद झाल्यावर कशी राहत होती, हे विचारायला कोणाला फुरसत नसते.

सहलीला निघण्याआधी मी मुलांना तीन प्रश्न वहीत लिहायला सांगतो. किल्ला आधी कोणाचा होता? दोन्ही बाजूंना कोण कोण लढलं? आणि आत राहणारी माणसं पाणी कुठून पीत होती? उर्दू शाळेच्या मुलांनाही हेच प्रश्न, मराठी शाळेच्या मुलांनाही हेच. उत्तरं शोधायला लागली की मुलं होडीतल्या माणसालाच उलट विचारायला लागतात, आणि त्याचं ते एक वाक्य त्याला पुरत नाही.

ज्या शिक्षक मित्रांची सहल यंदा दिवाळीनंतर कोकणात जाणार असेल, त्यांनी जाण्याआधी वर्गात एक तास यासाठी काढावा. आणि जमलं तर त्याच वर्षी नरनाळाही दाखवावा. तो तर अकोल्याहून एका दिवसात होतो.