गरजेपेक्षा मोठे घर : घ्यावे की न घ्यावे?

'घर पाहावे बांधून' ही म्हण घर बांधताना खर्चाचा अंदाज कसा चुकतो याची जाणीव करून देते. मात्र खर्चाच्या आधी येणारा प्रश्न घराच्या आकाराचा असतो, आणि त्याचा विचार बहुधा सर्वांत कमी होतो. बँक जेवढे कर्ज मंजूर करील तेवढे मोठे घर, असा सोपा निकष लावला जातो. एखादी जादा खोली हवी, कारण पाहुणे येतात. मुले परगावी असली तरी सणाला येतील. पुढे किंमतही चांगली येईल. ही तिन्ही कारणे ऐकायला रास्त वाटतात. ती प्रत्येक कुटुंबाला किती लागू पडतात, याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळे महत्त्व आहे. पुण्या-मुंबईत तयार सदनिका विकत घेतली जाते आणि तिचा आकार पुढे बदलता येत नाही. वर्ध्यासारख्या शहरात भूखंड घेऊन स्वतः घर बांधण्याची रीत अजून टिकून आहे. त्यामुळे येथील कुटुंबाला एक तिसरा पर्याय खुला असतो : आज गरजेपुरते बांधायचे आणि वाढीला जागा ठेवायची. या पर्यायाचा देशातील सर्वांत प्रसिद्ध दाखलाही याच जिल्ह्यात, सेवाग्रामला आहे.

गरजेनुसार वाढलेली वस्ती

स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असा निश्चय करून गांधीजींनी १९३० मध्ये आश्रम सोडला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहामुळे पुढे ते वर्ध्याला आले. काही काळ मगनवाडीत राहिल्यावर ३० एप्रिल १९३६ रोजी ते शेगावात पोहोचले. जमनालालजी या गावाचे मालगुजार होते. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नावाचा घोटाळा होऊन टपाल चुकू लागल्याने १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम झाले.

निवासासाठी गांधीजींनी घातलेली अट स्पष्ट होती : साहित्य आणि कारागीर परिसरातलेच असावेत आणि खर्च शंभर रुपयांच्या पुढे जाऊ नये. त्यातून माती, बांबू आणि कवेलूंचे 'आदी निवास' उभे राहिले. एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा, सहकारी आणि पाहुणे राहत असत.

येथवरची हकीकत साधेपणाची म्हणून सांगितली जाते. पण पुढचा भाग घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. एक खोली अपुरी पडली. माणसे वाढली, गर्दी झाली. मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत गांधीजी राहायला गेले. तीच आजची 'बापू कुटी'. कस्तुरबांना पुरुषांच्या वर्दळीत एकांत मिळेना, म्हणून जमनालालजींनी 'बा कुटी' बांधून दिली. महादेवभाई देसाई आणि किशोरलाल मश्रूवाला यांच्यासाठी स्वतंत्र कुटी झाल्या. कुष्ठरोगाने ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरेशास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी कुटी उभारण्यात आली. जमनालालजींसाठी बांधलेली एक वास्तू आज 'आखरी निवास' म्हणून ओळखली जाते. ऑगस्ट १९४६ मध्ये सेवाग्राम सोडण्यापूर्वी गांधीजींचा मुक्काम तेथे होता.

या प्रत्येक वास्तूमागे नाव घेऊन सांगता येईल असे माणूस आणि सांगता येईल अशी अडचण आहे. आधी गरज, मग भिंत, असा हा क्रम होता. त्याचबरोबर गरज पटल्यावर काटकसरीच्या नावाखाली ती नाकारली गेली नाही, हेही तितकेच खरे. कस्तुरबांचा एकांत ही चैन मानली गेली नाही. म्हणून सेवाग्रामचा धडा 'लहान घर उत्तम' एवढा मर्यादित नाही. जागा कोणासाठी आणि कशासाठी, याचे उत्तर आधी असावे, हा तो धडा आहे.

मोठी वास्तू केव्हा सार्थ ठरते

याच काळात वर्धा शहरातील बजाजवाडी ही मोठी वास्तू होती. पण तिचे दालन रिकामे राहत नसे. राष्ट्रीय चळवळीतील नेते वर्ध्याला आले की त्यांचा पाहुणचार तेथे होई. जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्याला भरली, यावरून या गावी होणाऱ्या वर्दळीची कल्पना यावी. धाम नदीकाठी पवनार येथे असलेला जमनालालजींचा बंगला १९३८ मध्ये प्रकृती खालावलेल्या विनोबांच्या विश्रांतीसाठी उपयोगी पडला आणि पुढे तेथेच आश्रम वाढला. १९५९ मध्ये तेथे ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना झाली. स्वतः जमनालालजी अखेरच्या काळात गोसेवेसाठी गोपुरीच्या साध्या कुटीत राहिले.

मोठे घर हा स्वतःहून दोष नव्हे, हे या उदाहरणांवरून ध्यानात येते. वापरात असलेली जादा जागा ही संपत्ती आहे; बंद असलेली खोली हा केवळ खर्च आहे.

घर माणसांचे की सामानाचे?

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामला एका परिषदेच्या उद्घाटनासाठी आले होते. बापू कुटीत बसून सुचलेले विचार त्यांनी भाषणात मांडले. त्यांचा मुद्दा असा की, आजची पुष्कळ घरे माणसांसाठी नसून त्यांच्या सामानाच्या सोयीसाठी बांधली जातात; सामान जितके वाढेल तितका माणूस त्यावर अवलंबून राहतो.

हा विचार आजच्या घरखरेदीलाही चपखल लागू पडतो. अनेक कुटुंबांत 'जागा पुरत नाही' ही तक्रार वास्तविक वापरात नसलेल्या पलंगांची, ट्रंकांची, जुन्या उपकरणांची आणि प्रसंगापुरत्या भांड्यांची असते. नवी खोली घेण्यापूर्वी जुनी खोली मोकळी करून पाहणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. अडगळ काढल्यावरही अडचण उरली, तर ती खरी अडचण मानावी.

किमान किती?

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याच्या खोलीचे किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावे. दोन खोल्या असल्यास दुसरी ७.५ चौरस मीटरची चालते. स्वतंत्र स्वयंपाकघराचे किमान क्षेत्र ५ चौरस मीटर आहे. ग्रामीण भागातील प्रधानमंत्री आवास योजनेत स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचे घर गृहीत धरले आहे. हे आकडे आदर्श म्हणून नव्हे, तर तळरेषा म्हणून पाहावेत. याच्या खाली गेल्यास आरोग्य, अभ्यास आणि एकांत या तिन्हींवर परिणाम होतो. याच्या वर किती जायचे, हे मात्र कुटुंबाच्या दिनक्रमाने ठरावे.

सदनिका घेताना तुलना नेहमी चटई क्षेत्राची करावी. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार चटई क्षेत्र म्हणजे प्रत्यक्ष वापरायोग्य क्षेत्र. त्यात घरातील आतल्या भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. 'मोठे' म्हणून दाखवलेले घर या मोजमापात अनेकदा मध्यम ठरते.

जादा खोलीची खरी किंमत

समजा, एका जादा खोलीपायी कर्ज १० लाख रुपयांनी वाढले. व्याजदर ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षे धरल्यास मासिक हप्ता सुमारे ८,६८० रुपयांनी वाढतो. पूर्ण मुदतीत एकूण परतफेड सुमारे २० लाख ८३ हजार रुपये होते. त्यापैकी १० लाख ८३ हजार हे निव्वळ व्याज. ही खोली केवळ पाहुण्यांसाठी असेल आणि वर्षातून ३० दिवस वापरली जाणार असेल, तर २० वर्षांत तिचा वापर ६०० दिवस होईल. मुद्दल घराच्या किमतीत राहते असे मानले, तरी नुसत्या व्याजाचा भार वापराच्या दर दिवसामागे सुमारे १,८०० रुपये पडतो. तीच खोली वृद्ध आई-वडिलांसाठी किंवा घरून चालणाऱ्या शिकवणी वर्गासाठी असेल, तर हा भार दिवसाला १५० रुपयांच्या आसपास उतरतो. खोली तीच, किंमत तीच. वापर बदलला की निर्णय बदलतो.

आणखी काही बाबी ध्यानात घ्याव्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. म्हणजे कर्जाचा टप्पा ओलांडला की स्वतःजवळून घालायच्या रकमेचे प्रमाणही वाढते. मुद्रांक शुल्क किमतीबरोबर वाढते. स्वतः राहत्या घराच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाख रुपयांपर्यंतच वजावट मिळते. नव्या प्रणालीत ती मिळत नाही. 'कर वाचतो' म्हणून मोठे कर्ज घेणे त्यामुळे बहुतेकांच्या बाबतीत फसवे ठरते.

निवृत्तीच्या उंबरठ्यावरील कुटुंबांनी विशेष सावध राहावे. भविष्य निर्वाह निधीची सारी रक्कम विटा-सिमेंटात घातली, तर आजारपणात घराची एक खोली विकता येत नाही. मुले पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशी स्थिरावली असतील, तर त्यांच्यासाठी बांधलेला वरचा मजला झाडून ठेवण्याचे काम सत्तरीतल्या आई-वडिलांवर येते. मुलांना परत यायचे आहे का, हे गृहीत न धरता त्यांना विचारून घेतलेले बरे. हा प्रश्न अवघड वाटतो, पण तो बांधकामापूर्वी विचारणे नंतरच्या हिरमोडापेक्षा सुसह्य असते.

ऊन आणि काळी माती

वर्ध्याचा उन्हाळा ४५ अंशांच्या वर जातो. अशा हवेत प्रत्येक जादा खोली म्हणजे छपराचा आणखी एक तापणारा तुकडा. पश्चिमेची भिंत आणि माथ्यावरचा स्लॅब असलेली खोली मे महिन्यात रात्रीही निवत नाही. तिला कूलर लागतो, कूलरला वीज आणि पाणी लागते. त्याऐवजी तेवढ्याच पैशात सावलीची ओसरी, समोरासमोर खिडक्या, छतावर उष्णतारोधक थर आणि अंगणात कडुनिंबाला जागा ठेवल्यास लहान घरही अधिक राहण्याजोगे होते. आंगण आणि ओसरी ही पाहुण्यांना सामावून घेणारी जुनी सोय आहे, हे विसरू नये.

दुसरा मुद्दा जमिनीचा. जिल्ह्यात अनेक ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे पाया खोल आणि काळजीपूर्वक घ्यावा लागतो. तेथे हात आखडल्यास भिंतींना तडे जातात. ऐसपैस बैठ्या घरात पाया आणि छप्पर या दोन्ही महाग गोष्टी वाढतात. म्हणून पुढे वाढवायचा विचार असल्यास पाया आणि खांब आजच वरच्या मजल्याच्या भाराला पुरतील असे अभियंत्याकडून आखून घ्यावेत, जिन्याची जागा राखावी, पाण्याच्या व विजेच्या वाहिन्यांची तोंडे सोयीच्या ठिकाणी ठेवावीत. पाया पुरेसा नसेल, तर नंतर मजला चढवणे धोक्याचे ठरते. वाढीव बांधकामाला नगर परिषदेची किंवा संबंधित प्राधिकरणाची परवानगी घेणेही आवश्यक आहे.

सदनिकेत ही सोय नसते. म्हणून तेथे पुढील सात-आठ वर्षांची निश्चित दिसणारी गरज, जसे वाढती मुले किंवा सोबत राहायला येणारे आई-वडील, आजच धरणे योग्य. त्यापलीकडच्या कल्पनांसाठी कर्ज काढू नये.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

घराचा नकाशा अंतिम करण्यापूर्वी प्रत्येक खोलीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात : तेथे कोण राहणार, वर्षातले किती दिवस आणि ती नसल्यास नेमके काय अडेल. ज्या खोलीसमोर माणसाचे नाव लिहिता येते, ती बांधावी. जिच्यासमोर केवळ 'असू द्यावी' एवढेच सुचते, तिची जागा सध्या मोकळी सोडावी. हप्ता भरूनही सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी राहतो का, हे तपासावे. घर सांभाळणारी व्यक्ती, जी बहुधा घरातील स्त्री असते, तिचे मत आकाराबाबत शेवटचे मानावे; कारण केर, फरशी आणि जाळी-जळमटे यांचा हिशेब तिच्याजवळ असतो.

लहान घर पुढे अपुरे पडले, तर भूखंडावर खोली वाढवता येते आणि तोवर गरजही पुरती स्पष्ट झालेली असते. मोठे घर मात्र कमी करता येत नाही. ते विकावे लागते, भाड्याने द्यावे लागते किंवा बंद दारांसह सांभाळावे लागते. दोन्ही बाजू तुल्यबळ वाटत असतील, तेव्हा जी चूक नंतर दुरुस्त करता येते तिचा धोका पत्करणे शहाणपणाचे ठरते.