मथळ्याचे अक्षर : खिळा, कुंचला आणि पाटी

मुद्रणाच्या इतिहासात आपण ग्रंथांच्या याद्या वाचतो, पण रस्त्यावरच्या माणसाला थांबविणारे मथळ्याचे ठसठशीत अक्षर बहुधा दुर्लक्षित राहते. युरोपात या अक्षराचा जन्म जाहिरातीच्या गरजेतून झाला. 19 व्या शतकाच्या आरंभी लंडनच्या भित्तिपत्रकांसाठी अतिशय जाड उभ्या रेषांचे आणि केसासारख्या बारीक सेरिफांचे (म्हणजे अक्षराच्या टोकाशी असणाऱ्या आडव्या रेघांचे) टंक घडविले गेले. 1827 मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स याने लाकडी टंक यंत्राने कोरण्याची रीत काढली आणि मोठे अक्षर स्वस्त झाले.

मराठीची वाट वेगळी होती. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी बालबोध खिळ्यांना सुबकपणा दिला. तेथेच उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी राणोजी रावजी आरू यांच्या साहाय्याने स्वतःचा टंकओतशाळेचा उद्योग उभारला आणि 1869 मध्ये ‘निर्णयसागर’ छापखाना काढला. त्यांचे यश मुख्यतः मजकुराच्या अक्षराचे होते. रोमन लिपीच्या मानाने बालबोधला मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. प्रत्येक मोठ्या आकारासाठी तो सारा संसार पुन्हा मांडणे परवडणारे नव्हते. म्हणून मराठी मथळ्याचे वैविध्य बव्हंशी कुंचल्याकडे गेले. नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे (1935–2020) यांची अक्षरे ही या परंपरेची समृद्ध परिणती होय.

मराठवाड्यात त्याला आणखी एक पदर आहे. 1948 पर्यंत निजामी राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. नस्तालिकची उतरती ओळ खिळ्यांत सहज बसत नाही. म्हणून कातिबाच्या हस्ताक्षरावरून शिळाछाप होई. येथेही हाताने लिहिलेल्या अक्षरालाच मान होता.

आता परिस्थिती पालटली आहे. 2014 मध्ये आलेला ‘रोझा वन’ हा देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांचा टंक जाड-बारीक रेषांचा तोच जुना विरोध मथळ्यांसाठी विनामूल्य देतो. संगणकाला खिळ्यांचे ओझे नाही. पण देवनागरीला सेरिफ नाही; तिचा जाडबारीकपणा बोरूच्या तिरक्या कापातून येतो आणि तिचा तोल शिरोरेषा सांभाळते. रोमनचा थाट उसना घेताना हा तोल राखणे ही खरी कसोटी आहे.

2022 च्या कायदा-दुरुस्तीने दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे, असे बंधन घातले. आमच्या उस्मानपुऱ्यातील पाट्यांनाही ते लागू आहे. आकाराची हमी कायदा देऊ शकतो. घाटाची देऊ शकत नाही. रोमनशेजारी देवनागरी तितकीच मोठी असूनही पाहुणीसारखी अवघडलेली दिसत असेल, तर त्याचे उत्तर अक्षर घडविणाऱ्याने आणि डोळसपणे वाचणाऱ्याने शोधायचे आहे. भाषेच्या अध्यापनात शुद्धलेखनाला जागा आहे. अक्षराच्या घाटालाही ती मिळावी, असे आम्हाला वाटते.