प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेचा लहान होत गेलेला छेद

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी ओटीपोटात इतक्या खोल आणि अरुंद जागी असते, की तिचा कर्करोग काढताना शल्यचिकित्सकांना दीर्घकाळ नजरेपेक्षा बोटांवरच अधिक भिस्त ठेवावी लागे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये अंडकोश व गुदद्वार यांमधील भागातून ही ग्रंथी समूळ काढली, आणि १९४० च्या दशकात टेरेन्स मिलिन यांनी जघनास्थीमागून तिच्यापर्यंत पोचण्याची वाट रुळवली. तरी अतिरक्तस्राव आणि जवळजवळ अटळ नपुंसकता यांमुळे अनेक रुग्ण या शस्त्रक्रियेला धजावत नसत.

खरे वळण शरीररचनेच्या अभ्यासातून आले, आणि यंत्रांच्या कौतुकात ते झाकोळून जावे, ही खेदाची बाब होय. लिंगताठरता घडवणारे मज्जातंतू ग्रंथीच्या आतूनच जातात, असा समज रूढ होता, कारण प्रौढ मृतदेहांतील चरबीत ते वेगळे ओळखूच येत नसत. हॉलंडमधील लायडन येथे निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या देहात हे तंतू उकलून दाखवत, आणि १९८१ मध्ये त्यांच्यासोबत विच्छेदन करताना जॉन्स हॉपकिन्सच्या पॅट्रिक वॉल्श यांना आढळले, की ते ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात. शिरांच्या जाळ्यातील रक्तस्राव आवरण्याची रीत वॉल्श यांनी आधीच बसवली होती, त्यामुळे तंतू दिसण्याइतकी जागा कोरडी राही. २६ एप्रिल १९८२ रोजी त्यांनी ते जाणीवपूर्वक वाचवणारी पहिली शस्त्रक्रिया केली.

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून, छोट्या छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे घालून करायची दुर्बिणीची शस्त्रक्रिया या ज्ञानावरच उभी राहिली. अमेरिकेत विल्यम शूस्लर यांच्या गटाने १९९१ मध्ये ती आरंभली खरी, पण नऊ रुग्णांच्या अनुभवानंतर १९९७ मध्ये त्यांनीच ती उघड्या शस्त्रक्रियेहून सरस नसल्याचे प्रामाणिकपणे नोंदवले. पॅरिसच्या मोंतसुरी संस्थेत गियोनो आणि वालांसियें यांनी १९९८ पासून तिचे टप्पे नीट आखले, आणि भरलेल्या वायूच्या दाबाने शिरांतील रक्तस्राव कमी होतो, हा तिचा मोठा लाभ ठरला.

सरळ हत्यारांनी मूत्राशय व मूत्रमार्ग यांचा सांधा शिवणे मात्र अतिशय जिकिरीचे होते; मनगटासारखी वळणारी हत्यारे असलेल्या, शल्यचिकित्सकाने दुरून चालवायच्या यंत्रमानवाने ही अडचण दूर केली. २००० मध्ये युरोपात अशा शस्त्रक्रिया झाल्या, आणि भारतात वैद्यकीय शिक्षण घेतलेले मणी मेनन यांनी डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयात त्या नित्याच्या केल्या. ब्रिस्बेनमध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तशी रुग्णांची विभागणी करून झालेल्या चाचणीत, यंत्रमानवामुळे रक्तस्राव व रुग्णालयातील मुक्काम कमी झाला, तरी बारा आठवड्यांनंतर लघवीवरील ताबा आणि लैंगिक क्षमता यांबाबत उघड्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत लक्षणीय फरक नसल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.