पोझ्झुओलीचे तीन खांब

नेपल्सच्या पश्चिमेला असलेल्या पोझ्झुओली या बंदरात १७५० साली उत्खनन झाले तेव्हा सेरापिस या देवतेची मूर्ती हाती लागली आणि त्या अवशेषांना 'सेरापिसचे मंदिर' हे नाव पडले. वास्तविक ती रोमनांची मंडई. पण नावे एकदा चिकटली की सहसा सुटत नाहीत. तेथले संगमरवरी तीन खांब आजही उभे आहेत. त्यांचा खालचा भाग गुळगुळीत आहे. त्याच्या वर, माणसाच्या डोक्यापेक्षा बऱ्याच उंचीवर, एक रुंद पट्टा भोकांनी चाळण झालेला दिसतो. ही भोके दगड पोखरणाऱ्या सागरी शिंपल्यांची. म्हणजे खांब उभेच्या उभे समुद्रात बुडाले आणि न कोसळता पुन्हा वर आले.

चार्ल्स लायेलने 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'च्या पहिल्या खंडाला (१८३०) मुखचित्र म्हणून हेच खांब निवडले. जमीन खालीवर होते आणि तेही लिखित इतिहासाच्या काळात, हे त्याला दाखवायचे होते. मला मात्र त्याने उल्लेखिलेले १५०३ चे एक दानपत्र अधिक बोलके वाटते. समुद्र जेथून आटत चालला आहे ती जमीन फर्डिनांड आणि इझाबेला यांनी त्यात पोझ्झुओलीच्या नगराला दिली आहे. ते लिहिणाऱ्या कारकुनाला भूगर्भाशी काय देणेघेणे! पण वर येणाऱ्या भूमीची नोंद त्याच्या हातून होऊन गेली. पुढे २९ सप्टेंबर १५३८ रोजी जमीन फाटली आणि अवघ्या आठवडाभरात तेथे 'मोंते नुओव्हो', म्हणजे नवा डोंगर, उभा राहिला.

हा सारा प्रदेश, काम्पी फ्लेग्रेई, एका प्रचंड ज्वालामुखीचा खचलेला खळगा आहे. आज तेथे शिंपल्यांचे काम उपग्रहाधारित स्थानमापक, कलमापक आणि भूकंपमापक करतात. आकडे मिळतात, अर्थ लावणे राहतेच. मार्च १९७० मध्ये रियोने तेर्रा ही जुनी वस्ती सक्तीने रिकामी करण्यात आली. १९८२ ते १९८४ या काळात जमीन सुमारे १.८ मीटर उचलली गेली, हजारो कुटुंबे हलवली गेली आणि त्यांच्यासाठी मोंतेरुशेल्लो ही नवी वसाहत बांधली गेली. उद्रेक झालाच नाही. जमीन पुन्हा हळूहळू खचू लागली.

मग तो इशारा खोटा होता काय? मला तसे म्हणवत नाही. पण ज्यांचे घर त्या निर्णयात गेले, त्यांनी तसे म्हटले तर त्यांना दोष कसा द्यावा? २००५ पासून जमीन पुन्हा वर येते आहे. ती उचलणारा शिलारस आहे की तापलेले वायू आणि पाणी, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. आणि त्या खळग्यात लाखो माणसे राहतात.